गाडी बोलतेय, ऐका तरी!

पहाटेचे ५.४०. बाहेर पावसाची रिपरिप. आजोबांना साडेसहाला डायलिसिसला पोहोचवायचं होतं. बाबा गावाला गेलेले, आई आजोबांचा हात धरून मागच्या सीटवर आणि ड्रायव्हिंग सीटवर मी. किल्ली फिरवली. टक-टक-टक-टक. पुन्हा फिरवली. तेच. माझ्याकडे तीन वर्षांपासून लायसन्स आहे, पण बॉनेट कुठून उघडतं हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं!

समोरचे रिक्षावाले काका धावत आले. ‘‘पोरी, नुसती किल्ली मारत बसू नको. आवाज कसला येतोय ते आधी ऐक.’’ त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीची एक क्लॅम्प हाताने हलवली. ढिली होती आणि तिच्यावर पांढरी भुकटी साचलेली. ती पुसली, १० नंबरच्या पान्याने नट आवळला. गाडी सुरू! आम्ही वीस मिनिटं उशिरा पोहोचलो, पण पोहोचलो.

काकांचं ते ‘आधी ऐक’ डोक्यात राहिलं. नंतर गॅरेजमध्ये बसून जे शिकले, ते तुमच्यासाठी.

काहीच आवाज नाही? घाबरू नका, आधी सोप्या गोष्टी बघा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे का? ब्रेक दाबलाय का? बऱ्याच मॅन्युअल गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत. बटण स्टार्ट असेल तर रिमोटचा सेल संपलेला असू शकतो. अनेक गाड्यांत रिमोट बटणाला टेकवून स्टार्ट करता येतं. डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नसेल, तर बॅटरी डाऊन आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे.

टक-टक-टक? बॅटरीत पुरेसा दम नाही, किंवा आमच्यासारखं टर्मिनल खराब. हेडलाइट लावून किल्ली फिरवा. लाइट एकदम मंद झाला, की संशय पक्का. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली की ती रिकामीच समजा.

एकच ‘टक्’ आणि लाइट लख्ख? मग बहुतेक स्टार्टर मोटरचा प्रॉब्लेम. इथे मेकॅनिकच हवा.

इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही? बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल आहे का बघा (हसू नका, होतं असं). डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरून बघा. पावसाळ्यात उंदीरही बॉनेटमध्ये मुक्काम ठोकतात आणि वायरी कुरतडतात. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

आता जम्पर केबल. दोन्ही गाड्या बंद ठेवा. लाल केबल आधी बंद पडलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला. काळ्या केबलचं शेवटचं टोक मात्र बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो आणि ठिणगी पडली तर भडका उडतो. चांगली गाडी काही मिनिटं चालू ठेवा, मग आपली सुरू करा. केबल काढताना उलटा क्रम. सुरू झाल्यावर लगेच बंद करू नका, अर्धा तास तरी चालवा.

‘चल रे, धक्का मारू!’ हे फक्त मॅन्युअल गाडीत. ऑटोमॅटिक धक्क्याने सुरू होत नाही. उतारावर तर हा प्रयोग नकोच, इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

आणि दोन वेळा किल्लीला हातच लावायचा नाही. एक, गाडी पाण्यात बंद पडली तर. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलं असेल, तर स्टार्टर मारल्यावर कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन, पंपावर चुकून डिझेल गाडीत पेट्रोल किंवा उलट भरलं गेलं तर. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

हायवेवर बंद पडलात तर हॅझर्ड लाइट लावा, त्रिकोण मागे ठेवा आणि गाडीत बसून न राहता रस्त्यापासून लांब उभे राहा.

या रविवारी एवढंच करा: घरच्या गाडीचं बॉनेट एकदा स्वतः उघडा. बॅटरी कुठे आहे, पाना कुठे ठेवलाय, बघून घ्या. ‘हे काय मुलींचं काम आहे का’ असं कुणी म्हणालंच, तर म्हणू दे. आमच्या डिकीत आता पाना आणि जम्पर केबल कायम असतात. मी किल्ली फिरवली की आजोबा मागून विचारतात, ‘‘काय म्हणतेय गं गाडी?’’