रणगाडे आणि घोडेस्वार : एक दंतकथा
पोलंडचे नाव निघताच अनेकांच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते : १९३९ साली जर्मन रणगाड्यांवर भाले रोखून धावून जाणारे घोडेस्वार. शौर्य अफाट, परंतु विवेक शून्य, असा या राष्ट्राविषयीचा ग्रह त्यातूनच दृढ झाला. वस्तुतः १ सप्टेंबर रोजी क्रोयांती गावाजवळ पोलिश स्वारांनी तलवारी उपसून हल्ला केला तो जर्मन पायदळावर. पायदळ पांगले, इतक्यात चिलखती गाड्या पुढे आल्या आणि त्यांच्या माऱ्यात अनेक स्वार पडले. मागाहून तेथे नेलेल्या इटालियन वार्ताहरांच्या वृत्तांतून दंतकथा जन्मास आली. जर्मन प्रचारयंत्रणेने ती जगभर पसरविली. त्याच दिवशी मोक्रा येथे घोडदळाच्याच एका ब्रिगेडने पायउतार होऊन, रणगाडाविरोधी तोफांच्या बळावर एक चिलखती डिव्हिजन दिवसभर रोखून धरली, याचे स्मरण थोड्यांनाच आहे. आणि विवेकाविषयी म्हणावे, तर जर्मन लष्कराच्या ‘एनिग्मा’ या सांकेतिक यंत्राचे गूढ डिसेंबर १९३२ मध्ये उकलले ते मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने. जुलै १९३९ मध्ये पोलंडने ते ज्ञान ब्रिटन व फ्रान्स यांच्या स्वाधीन केले. जिताची कथा जेत्याच्या तोंडून ऐकली, म्हणजे त्यातील तलवार तेवढी लक्षात राहते, गणित राहत नाही.