लहान संगणक, मोठी अपेक्षा

कापडाच्या दुकानात काउंटरच्या जागेला मोल असते. संगणकाने हातभर जागा अडवली, तर तेवढा ताका उलगडून दाखवता येत नाही. म्हणून आष्ट्याच्या आमच्या दुकानातील मोठा सीपीयू आम्ही काढला आणि मॉनिटरच्या मागे बसणारा लहान डबा घेतला. जागा मोकळी झाली. वीज गेली तरी लहान यूपीएसवर हातातले बिल पुरे होऊ लागले. तक्रार एकच राहिली. डबा लहान, तशी त्याची ताकदही लहान.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत ही उणीव महागात पडली. दुकानात गर्दी, आणि संगणक हँग. बिले कागदावर लिहिली व तरावीहनंतर बसून संगणकात चढवली. त्यात उधारीच्या दोन नोंदी राहून गेल्या. एका शेतकरी बांधवाने उसाचा हप्ता आल्यावर आपणहून येऊन बाकी दिली, म्हणून ती कळली. दुसरी कोणाची, हे आम्हाला आजही माहीत नाही.

रक्कम मोठी नव्हती, पण प्रश्न अमानतीचा आहे. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. वही कागदाची असो वा संगणकाची, जबाबदारी तीच. तेव्हा ताकदवान संगणकाची अपेक्षा हा केवळ शौक समजू नये.

काम वाढले, यंत्र तेच

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि कापड दुकानदाराचे लिखाण वाढले. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के व त्यावरील कपड्याला १८ टक्के कर आहे. एकाच बिलात दोन दर येतात. सोबत बारकोड, ई-वे बिल, पोर्टल आणि व्हॉट्सअॅपवर येणारे सुरतच्या मालाचे फोटो. हे सारे एकाच वेळी उघडे राहते. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. जुने डबे तेथेच अडले.

लहान डबा कमी पडतो, याचे मुख्य कारण उष्णता. प्रोसेसर जोरात चालला की तापतो. मोठ्या पेटीत हवा खेळते, लहानात ती कोंडते. म्हणून अशा डब्यांत बहुधा लॅपटॉपच्या जातीचा, कमी वीज खाणारा प्रोसेसर घालतात.

ही अपेक्षा आमच्या एकट्याची नाही. अॅपल कंपनीने २००५ मध्ये मॅक मिनी हा लहान संगणक काढला. २०१४ च्या नव्या मॉडेलात चार कोअरचा प्रोसेसर मिळेनासा झाला व रॅमही पक्की जोडलेली आली. ग्राहकांना अधिक ताकदीच्या मॉडेलसाठी २०१८ पर्यंत चार वर्षे वाट पाहावी लागली. २०२० मध्ये कंपनीने स्वतःची कमी तापणारी चिप बसवली, तेव्हा चित्र पालटले. २०२४ चे मॉडेल पाच इंच लांब-रुंद आहे, त्यात किमान १६ जीबी रॅम आहे आणि भारतात त्याची सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये जाहीर झाली. पण त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही. शिवाय आपली बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअर विंडोजवर चालतात. विंडोजचे लहान डबे पुष्कळ आहेत. मात्र इंटेलने जुलै २०२३ मध्ये आपले एनयूसी डबे बनवणे सोडले आणि ते काम असूसकडे गेले.

घेताना काय पाहावे

व्यापारी बांधवांनी प्रथम आपले काम मोजावे. संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवून पाहावी. रॅम ४ जीबी असेल तर ती वाढवावी. अनेकदा एवढ्यावर भागते. नवा घ्यायचाच असेल तर १६ जीबी रॅम, एसएसडी आणि विंडोज ११ चालेल असा प्रोसेसर पाहावा. झाकण उघडून रॅम वाढवता येते का, हे दुकानदाराला उघडूनच दाखवायला सांगावे. डब्याच्या जाळीत कापडाचा तंतू बसतो, तो दरमहा साफ करावा. आणि रोज रात्री हिशेबाची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. सर्वांत ताकदवान संगणकही एक दिवस बंद पडतोच.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले. घाईने व्याजाच्या हप्त्यावर उडी घेण्यापेक्षा थोडे थांबून रोखीने घ्यावे. नियमित जीएसटी भरणाऱ्यास संगणकावरील १८ टक्के कराची वजावट मिळते, ती विसरू नये. कंपोझिशनवाल्यांस ती नाही.

आम्ही सध्या रॅम व एसएसडी वाढवून काम चालवले आहे. लहान, ताकदवान आणि मालकाला उघडता येईल असा डबा माफक दरात मिळावा, एवढीच अपेक्षा. तो येईपर्यंत गल्ल्यात कागदाची वहीही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर ती एक न सापडलेली उधारी नोंदलेली आहे, नावाची जागा कोरी ठेवून.