फँटसी फुटबॉल ड्राफ्ट: कोणत्या जागेवरचे खेळाडू आधी संपतात, हे कसं ओळखायचं?

फँटसी म्हटलं की आपल्याकडे ड्रीम-इलेव्हन आठवतं. तिथे एकच खेळाडू लाखो लोकांच्या टीममध्ये असू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला आणि ते पैशांचे कॉन्टेस्ट बंद झाले. आज बोलायचंय ते फँटसी प्रीमियर लीगच्या ‘ड्राफ्ट’बद्दल. हा फुकट आहे आणि याचा नियम वेगळा: लीगमध्ये एक खेळाडू एकाच्याच टीममध्ये. हालांड बोरिवलीकराने उचलला की विषय संपला.

आमची लीग आठ जणांची. कॉलेजचा ग्रुप. कोणी मुलुंडला, कोणी घाटकोपरला, मी अंधेरीत. वर्षातून सगळे एका घरात जमतात ते या ड्राफ्टच्याच रविवारी. शेवटच्या नंबरावर येणाऱ्याने पुढच्या वर्षी सगळ्यांना घरी बोलवायचं, खाऊ घालायचं आणि वर्षभराची टिंगल ऐकायची. २०२४ चा ड्राफ्ट माझ्या घरी झाला, यावरून काय ते समजा.

चूक २०२३ मध्ये झाली होती. मी आदल्या हंगामाची, म्हणजे २०२२-२३ ची पॉइंट्सची यादी काढून बसलो होतो. माझा नंबर तिसरा. ड्राफ्टचा क्रम सापासारखा उलटसुलट फिरतो, म्हणजे आठ जणांत तिसऱ्याला ३, १४, १९, ३० अशा पाळ्या मिळतात. पहिल्या पाळीला सलाह, दुसरीला एक मिडफिल्डर, आणि १९व्या पाळीला मी मोठ्या ऐटीत यादीतला एक नंबरचा गोलकीपर उचलला: डेव्हिड राया, १६६ पॉइंट्स. लगेच विसाव्या पाळीला बोरिवलीकराने ऑली वॉटकिन्स घेतला. ३०वी पाळी येईपर्यंत फॉरवर्डमध्ये गाळच उरला होता.

आता तीच यादी जागेनुसार वाचा. गोलकीपरमध्ये पहिला राया १६६, दुसरा ॲलिसन १६२. फरक फक्त ४. फॉरवर्डमध्ये हालांड २७२, केन २६३ आणि तिसरा टोनी थेट १८२. दुसऱ्या-तिसऱ्यात ८१ पॉइंट्सची दरी! याला म्हणतात डेप्थ. (‘खोली’ म्हणणार होतो, पण मुंबईत खोली म्हटलं की लोक भाडं विचारतात.) ज्या जागेवर पहिला आणि दहावा जवळजवळ सारखे, तिथे घाई नको. जिथे मध्येच कडा तुटतो, तिथे कड्याच्या अलीकडचा माणूस आधी घ्यायचा.

आधी माणसं मोजा

प्रत्येक टीममध्ये १५ खेळाडू: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. आठ जणांच्या लीगला लागतात १६ गोलकीपर, ४० डिफेंडर, ४० मिडफिल्डर, २४ फॉरवर्ड. समोर क्लब २०. प्रत्येकाचा एक पक्का कीपर धरला तरी २० होतात, आणि दर आठवड्याला तुम्ही एकच खेळवता. नियमित डिफेंडर ऐंशीच्या आसपास, म्हणजे मागणीच्या दुप्पट. फॉरवर्डचं मात्र अवघड. बरेच क्लब पुढे एकच स्ट्रायकर खेळवतात, त्यामुळे २४ जागांना रोज खेळणारी २४ माणसं मिळतीलच असं नाही. बोरिवली स्लोमध्ये उभं राहायला कुठेही मिळतं, खिडकीसाठी मात्र धावावं लागतं, तसं.

मग गुगल शीटमध्ये चार कॉलम करा: नाव, जागा, अपेक्षित पॉइंट्स, फरक. आठ जणांत २४ फॉरवर्ड जाणार, म्हणजे २५वा हा कोणालाही फुकट मिळणारा माणूस. ‘फिल्टर’ने फक्त फॉरवर्ड वेगळे काढायचे, ‘लार्ज’ने २५वा आकडा घ्यायचा आणि तो प्रत्येक फॉरवर्डच्या पॉइंट्समधून वजा करायचा. गोलकीपरला १७वा, डिफेंडर-मिडफिल्डरला ४१वा. उरलेला ‘फरक’ उतरत्या क्रमाने लावला की १६६ वाला कीपर किती खाली घसरतो ते बघाच. माझा चहा थंड झाला होता.

लीग बारा जणांची असेल तर हे आकडे बदलतात. मग कीपरच २४ लागतात आणि २० क्लबांत तेवढे पक्के नसतातच. म्हणून कोणा दुसऱ्याची तयार यादी जशीच्या तशी उचलू नका.

जुनी यादी खोटं बोलते

माझी दुसरी चूक हीच. त्या ऑगस्टमध्ये, ड्राफ्टनंतर, केन बायर्नला गेला. टोनीवर आधीच जानेवारी २०२४ पर्यंत बंदी होती. म्हणजे वरच्या तीन फॉरवर्डपैकी दोन गायब. आणि माझा राया? ब्रेंटफर्ड सोडून आर्सेनलला, जिथे पहिले ४ सामने रॅम्सडेलच खेळला! तिकडे वॉटकिन्सने त्या हंगामात २२८ पॉइंट्स काढले, हालांडपेक्षाही (२१७) जास्त. बोरिवलीकर अजून ऐकवतो.

म्हणून आता शीटमध्ये पाचवा कॉलम आहे: ‘खेळणार का?’ हो, नाही, शंका. डेप्थ मोजायची ती फक्त ‘हो’ वाल्यांची. ट्रान्सफरची विंडो उघडी असताना ड्राफ्ट असेल तर ज्याच्या बदलीची जोरात चर्चा आहे तो ‘शंका’तच टाकायचा.

नियमही बदलतात. २०२५-२६ पासून डिफेंडरने एका सामन्यात टॅकल, ब्लॉक, क्लिअरन्स, इंटरसेप्शन मिळून १० केले की २ पॉइंट्स मिळतात. त्यामुळे छोट्या क्लबांचे, दिवसभर बॉल बाहेर हाकणारे सेंटर-बॅकही कामाचे झाले आणि डिफेंडरची डेप्थ आणखी वाढली. मी तर पाचातले तीन डिफेंडर शेवटच्या पाळ्यांवर ढकलतो.

यंदा माझा नंबर सातवा आलाय. पाळ्या ७, १०, २३, २६. सातव्या आणि दहाव्या पाळीच्या मध्ये फक्त आठव्या नंबरचा मुलुंडकर दोनदा उचलणार, पण दहानंतर मात्र १२ खेळाडू जातील. तेव्हा पहिल्या दोन पाळ्यांत एक फॉरवर्ड नक्की. कीपर तेराव्या-चौदाव्या फेरीत, जो उरेल तो.