घरचा संगणक आणि व्हायरसचा उपद्रव

पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाणे ही आता बहुतेक घरांत नित्याची गोष्ट झाली आहे. मुलाचा प्रवेशअर्ज असो किंवा घरपट्टीची पावती असो, दुकानातील संगणकाला पेनड्राइव्ह जोडून कागद छापून घ्यावयाचा आणि घरी परतल्यावर तोच आपल्या संगणकाला जोडावयाचा. अशा वेळी कित्येकांना एक चमत्कार दिसतो. सगळे फोल्डर जागच्या जागी असतात; मात्र प्रत्येकाच्या चित्राच्या कोपऱ्यात एक लहानसा वाकडा बाण उगवलेला असतो. त्यावर टिचकी मारली की फोल्डर उघडतोही, म्हणून मनुष्य निर्धास्त राहतो. वस्तुतः तो फोल्डर नव्हेच. खरा फोल्डर लपविण्यात आलेला असून त्याच्या जागी त्याच नावाचा एक ‘शॉर्टकट’ ठेवलेला असतो. तो आधी व्हायरस चालू करतो आणि मग मोठ्या सौजन्याने आपला फोल्डर उघडून देतो!

हा दाखला मी मुद्दाम प्रथम घेतला. घरच्या संगणकात मालवेअर शिरते ते बहुधा अशाच रीतीने, मालकाच्या बोटाने आणि मालकाच्या संमतीने. ही रीत जुनीच आहे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीवरून गावोगाव गेला, आणि त्यात त्या भावांनी आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही नमूद केला होता. आजच्या व्हायरसकर्त्यांकडून एवढ्या सभ्यतेची अपेक्षा करता येत नाही. पूर्वीचा व्हायरस खोडी करी. आजचा चोरी करतो. ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड उचलणे, किंवा घरातील सारी छायाचित्रे व कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागणे, हे त्याचे धंदे आहेत.

संगणक मंद चालतो एवढ्यावरून व्हायरसचे निदान करू नये. जुन्या यंत्राला मंदपणाची दुसरी शंभर कारणे असतात. परंतु अँटीव्हायरस आपोआप बंद पडणे, ब्राउझरचे मुखपृष्ठ परस्पर बदलणे, आपल्या नावाने मित्रांना आपण न लिहिलेली पत्रे जाणे, ही लक्षणे गंभीर समजावीत. याउलट, पडदाभर लाल अक्षरे झळकून ‘आपला संगणक बाधित झाला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा इशारा आला, तर तो इशाराच लबाडी आहे असे खुशाल समजावे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. ते पान बंद करावे. बंद होत नसेल तर संगणक पुन्हा सुरू करावा. आणि कोणालाही फोन करून आपल्या यंत्राचा ताबा देऊ नये.

आता उपचार. प्रथम इंटरनेट तोडावे, म्हणजे चोराचा मालकाशी चाललेला संवाद थांबतो. त्या संगणकावर बँकेचे कोणतेही काम करू नये. मग तपासणी करावी. विंडोजमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ हे साधन मुळातच दिलेले असते. त्यातील ‘ऑफलाइन स्कॅन’ हा पर्याय घरगुती मनुष्यास सर्वांत उपयुक्त, असे माझे मत आहे. नेहमीच्या तपासणीत व्हायरस जागा असतो आणि तपासणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकू शकतो. ऑफलाइन तपासणी विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच चालते, त्यामुळे त्याला उठून बसण्यास अवसरच मिळत नाही. व्हायरसांची यादी जुनी झाली असेल, तर ती ताजी करण्यापुरतेच इंटरनेट जोडावे. दुसरे मत घ्यावयाचे असल्यास भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने विनामूल्य साधने उपलब्ध केली आहेत. हे केंद्र २०१७ साली सुरू झाले. मात्र दोन अँटीव्हायरस एकाच वेळी कायमचे बसवू नयेत. ते एकमेकांवरच पहारा करीत बसतात.

पेनड्राइव्ह स्वच्छ करावयाचा तो संगणकानंतर, आधी नव्हे. शॉर्टकटना हात न लावता तपासणी करावी आणि फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ या भागात ‘हिडन आयटम्स’ हा पर्याय निवडावा. बहुधा खरे फोल्डर फिकट रंगात प्रकट होतात. आपले कागद गेले म्हणून रडणाऱ्यांचे कागद तेथेच असतात. तरीही ते दिसले नाहीत, तर त्यांना सिस्टिम फाइलींचा वेश चढविलेला असतो; तो उतरविण्यासाठी जाणकाराकडून ‘ॲट्रिब’ ही आज्ञा चालवून घ्यावी.

येथवर बरेच जण येतात आणि सुटकेचा नि:श्वास टाकतात. खरा धोका तेथेच आहे. चोर घराबाहेर काढला, तरी त्याने नेलेल्या किल्ल्या परत येत नाहीत. यास्तव दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून ई-मेलचा व बँकेचा पासवर्ड बदलावा, आणि सर्व ठिकाणांहून ‘साइन आउट’ करावे. कारण काही मालवेअर पासवर्डबरोबर आपण आत असल्याची खूणही चोरून नेते; मग पासवर्ड न विचारताच चोराला प्रवेश मिळतो. खात्यातून पैसे गेले असल्यास बँकेस कळवावे आणि १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. तेथे प्रत्येक तासाला किंमत आहे. तपासणीनंतरही लक्षणे परत आली, तर फार झटापट न करता आपली कागदपत्रे बाजूस काढून विंडोज नव्याने बसवावी. जुने प्रोग्राम मात्र परत आणू नयेत.

प्रतिबंधाविषयी बोलताना कोणता अँटीव्हायरस सर्वोत्तम, हा प्रश्न हमखास येतो. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८४ सालीच गणिताच्या आधारे दाखवून दिले, की कोणताही प्रोग्राम पाहून तो व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी पद्धती असूच शकत नाही. तेव्हा पहारेकरी असावा, पण सारी भिस्त त्याच्यावर नसावी. रोजच्या कामासाठी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खाते न वापरता साधे खाते वापरावे. मग काही बसवायचे झाल्यास संगणक पासवर्ड मागतो आणि आपल्या बोटाला क्षणभर विचार करावा लागतो. फाइलीच्या नावाचे शेपूट दिसेल अशी व्यवस्था करावी. विंडोज ते लपवून ठेवते, आणि ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हे गृहस्थ केवळ ‘बिल.पीडीएफ’ या नावाने मिरवतात. फुकटात मिळणाऱ्या ‘क्रॅक’ केलेल्या प्रोग्रामविषयी तर काय सांगावे! ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना त्यांच्यासोबतच येते, आणि शहाणीसुरती माणसे ती पाळतात.

टिचकी न मारताही शिरणारे मालवेअर असते, हे मान्य केले पाहिजे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर हाहाकार उडविला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांची कामे अडली. परंतु ज्या छिद्रातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला प्रसिद्ध केलेली होती. दोन महिने ती कित्येकांनी बसविलीच नव्हती. विंडोज १० च्या सर्वसाधारण सुरक्षादुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आहेत. ज्यांच्या घरी ती आहे त्यांनी याचा विचार करावा.

राहता राहिली खंडणीची गोष्ट. कुलूप लावणारे मालवेअर संगणकाला जोडलेल्या प्रत्येक डिस्कपर्यंत पोहोचते. म्हणून छायाचित्रांची व कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि काम संपताच ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. सहा महिन्यांनी एखादी फाइल तिच्यावरून उघडून पाहावी. डिस्कही कधी कधी मुकाट्याने मरते.