युद्धातले विमान-इंधन आणि आपला राखीव साठा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नागपूरला विमानांचे नवल नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची लष्करी विमाने सोनेगावला थांबून पुढे जात. १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री इथेच एकत्र येत. वायुसेनेच्या देखभाल कमांडचे मुख्यालयही इथेच आहे. चारही दिशांच्या सीमांपासून दूर, ही मोठीच सोय. इंधनाच्या बाबतीत मात्र हीच सोय महाग पडते. आपले बहुतेक तेल जहाजाने येते आणि मुंबई इथून रेल्वेने आठशे किलोमीटरहून लांब!

१९७१ च्या डिसेंबरात आपल्या नौदलाच्या आणि हवाई दलाच्या हल्ल्यांत कराचीतील केमारीच्या तेलटाक्या पेटल्या. उघड्यावरच्या टाक्यांचे युद्धात काय होते, ते जगाने पाहिले. आपला राखीव साठा म्हणूनच जमिनीखाली आहे. विशाखापट्टणम, मंगळूर आणि उडुपीजवळचे पाडूर इथे खडकात प्रचंड गुहा कोरल्या आहेत. त्यांना पोलादी अस्तर नाही. मग तेल झिरपून जात नाही का? नाही, कारण गुहा भूजलाच्या पातळीखाली आहेत. भोवतीच्या पाण्याचा दाब तेलापेक्षा जास्त असल्याने उलट पाणीच आत पाझरते, ते पंपाने उपसतात.

तिन्ही ठिकाणची क्षमता मिळून ५३.३ लाख टन. २०१९-२० च्या खपाच्या हिशेबाने सुमारे साडेनऊ दिवसांची बेगमी. पण हे कच्चे तेल आहे. त्यावर विमान उडत नाही. ते शुद्धीकरण कारखान्यात न्यायचे, तिथून तयार माल रेल्वेच्या वाघिणींनी किंवा टँकरने आत पोहोचवायचा. मधला एखादा पूल पडला, की गुहेतल्या तेलाचा धावपट्टीला उपयोग शून्य. म्हणून देशात इतक्या दिवसांचे तेल आहे असे ऐकले, की मी आधी विचारतो, कच्चे की तयार, आणि कुठे?

मग तयार इंधनच भरपूर साठवावे, असे कुणी म्हणेल. जेट विमानाचे इंधन म्हणजे खास शुद्ध केलेले रॉकेल. उणे ४७ अंशांपर्यंत ते गोठता कामा नये. टाकीत ते नुसते पडून राहिले, तर तळाशी पाणी साचते, त्यात बुरशी वाढते आणि गाळण्या तुंबतात. त्यामुळे कणगीतल्या धान्यासारखे जुने आधी काढायचे, नवे भरायचे, तळचे पाणी सोडत राहायचे. विमानात भरण्यापूर्वीही काचेच्या बरणीत नमुना घेऊन, पाण्याचा थेंब दिसतो का, हे पाहिले जाते.