‘लाइटसाटा’ : हार्ड डिस्कशी होणाऱ्या संवादाचे खुले व्याकरण

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. कोळी बोलीचे नमुने त्यात छापील अक्षरांत आले आहेत व ते आजही कोणासही डोळ्यांनी वाचता येतात. आज क्षेत्रकार्यातील पुरावा हा प्रामुख्याने ध्वनिमुद्रणाच्या रूपाने जमा होतो आणि तो हार्ड डिस्कवर ठेवला जातो. मुद्रण ‘जतन झाले’ असे यंत्र सांगते, तेव्हा त्या विधानाचा नेमका अर्थ काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

विवेचनासाठी एक उदाहरण कल्पू. कफ परेडच्या मच्छीमार नगरात एका अभ्यासकाने एका वृद्ध कोळी स्त्रीचे तासभराचे कथन मुद्रित केले. सेकंदास ४८,००० नमुने व प्रत्येक नमुना २४ बिटांचा, असे प्रमाण धरल्यास त्यास ५१,८४,००,००० बाइट लागतात. जवळच कुलाब्यात असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली कार्यान्वित केलेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची स्मृती प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे १०,२४० बाइटांची होती. या कथनातील सुमारे सात शतांश सेकंद, म्हणजे एखाद्या ऱ्हस्व स्वराच्या उच्चाराइतका भाग, तीत मावला असता. एवढ्या मोठ्या मजकुराची ने-आण करावयाची तर मुद्रणयंत्र व डिस्क यांच्यामध्ये नियमबद्ध संवाद असावा लागतो. सीरियल एटीए, अर्थात ‘साटा’, हे अशा संवादाचे एक प्रमुख मानक होय. त्याची पहिली आवृत्ती २००३ साली आली. २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत वेग सेकंदास सहा अब्ज बिटांपर्यंत गेला.

हा संवाद चालविणारे मंडल कारखान्यात कायमचे घडविता येते, तसेच ते प्रोग्रॅमेबल चिपमध्येही मांडता येते. १९८५ साली झायलिंक्स कंपनीने ‘एक्ससी २०६४’ ही अशी पहिली चिप बाजारात आणली. तीतील तर्कघटकांची जोडणी चिप तयार झाल्यानंतर वापरणारा ठरवितो. जोडणीच्या अशा तयार, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या आराखड्यास ‘कोअर’ म्हणतात. पुष्कळ कोअर विकत मिळतात, परंतु त्यांची मूळ संहिता ग्राहकास दिसतेच असे नाही. ‘लाइटसाटा’ हा फ्रान्समधील फ्लोराँ केर्मारेक यांनी रचलेला कोअर याला अपवाद आहे. तो पायथनवर आधारलेल्या ‘मिजेन’ या साधनात लिहिलेला असून त्याचा बीएसडी परवाना, स्वामित्वाची नोंद कायम ठेवण्याच्या अटीवर, वाचन, बदल व पुनर्वितरण यांस मुभा देतो.

या संवादाची रचना भाषाभ्यासकास परिचित वाटेल अशी स्तरबद्ध आहे. सर्वांत खालच्या स्तरावर आठ बिटांचा प्रत्येक बाइट दहा बिटांच्या संकेतात बदलला जातो. आयबीएमच्या विडमर व फ्रानाझेक यांनी १९८३ साली मांडलेल्या या पद्धतीत एकच बिट सलग पाचांहून अधिक वेळा येत नाही. दहा बिटांचे १,०२४ क्रम संभवतात. पैकी काहीच ग्राह्य मानले आहेत. भाषेतही सर्व ध्वनिसंयोग ग्राह्य नसतात, आणि अग्राह्य संयोग कानी पडताच ऐकण्यात चूक झाल्याची शंका येते. येथेही अग्राह्य क्रम हा बिघाडाचा पहिला सूचक ठरतो.

त्यावरच्या स्तरावर संभाषणाचे नियमन करणारे छोटे संकेत आहेत. ‘एक्स-रेडी’ म्हणजे पाठविणारा सिद्ध आहे. ‘आर-रेडी’ म्हणजे घेणारा सिद्ध आहे. ‘होल्ड’ म्हणजे थांबा. मजकूर चौकटींतून जातो. एका चौकटीत अधिकात अधिक ८,१९२ बाइट मावतात व तिच्या शेवटी ३२ बिटांचा पडताळा-अंक असतो. तो जुळला तर घेणारा ‘आर-ओके’ म्हणतो, न जुळल्यास ‘आर-एरर’. सर्वांत वरच्या स्तरावर आज्ञा येतात. एका लेखन-आज्ञेने ५१२ बाइटांचे ६५,५३६ विभाग लिहिता येतात. उपर्युक्त कथन १०,१२,५०० विभागांचे असल्याने त्यास किमान सोळा आज्ञा व ६३,२८२ चौकटी लागतील.

मूळ प्रश्नाचे उत्तर या स्तरभेदातच आहे. ‘आर-ओके’चा अर्थ चौकट शाबूत मिळाली, इतकाच. आज्ञा पूर्ण झाल्याचा निरोप डिस्क स्वतंत्रपणे देते. परंतु तो मिळाल्यानंतरही मजकूर डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत असू शकतो व वीज गेल्यास नष्ट होऊ शकतो. ही स्मृती रिकामी करून मजकूर कायम माध्यमावर उतरविण्यासाठी मानकात ‘फ्लश कॅश’ ही निराळी आज्ञा आहे. ‘लाइटसाटा’च्या वर्णनात मात्र तीनच आज्ञा नोंदविल्या आहेत : वाचन, लेखन व डिस्कची ओळख विचारणे. फ्लशची आज्ञा त्यांत नाही. हा कोअर जसाच्या तसा घेऊन कोणी ध्वनिमुद्रणयंत्र बांधले, तर त्याचे ‘जतन झाले’ हे विधान ‘डिस्कने स्वीकारले’ एवढ्याच अर्थाने घ्यावे लागेल. कथन करणारी स्त्री हयात नसेल, तर या अर्थभेदाचे मोल फार मोठे ठरते.

लहान कोअर लहान राहण्यासाठी काही गोष्टी वगळतो, तेव्हा त्या वगळण्याकडे दोष म्हणून पाहण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की, येथे वगळलेले काय ते वाचकास दिसते आणि आवश्यक ती भर त्यास स्वतः घालता येते. बंद कोअरच्या बाबतीत विक्रेत्याच्या पत्रकावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

तथापि या खुलेपणास मर्यादा आहेत. अतिवेगाने बिट पाठविणारे चिपमधील मंडल निर्मात्याचे असून ते बंद आहे. डिस्कच्या आतील आज्ञावलीही बंद आहे. म्हणजे दोन अज्ञात वक्त्यांमधील संवादाचे व्याकरण तेवढे आपल्या हाती आले आहे. भाषेशी असलेले साम्यही फार ताणू नये. मानवी भाषेत संदिग्धतेला स्थान आहे. येथे ती बिघाड मानली जाते. कथनाचा अर्थ तर या संवादाच्या कक्षेतच येत नाही. कोळी स्त्रीचे शब्द व केवळ शांतता यांची चौकट सारख्याच काळजीने पोहोचविली जाते.

म्हणून पुराव्याची अंतिम जबाबदारी संग्रह करणाऱ्याकडेच राहते. मुद्रण होताच संपूर्ण संचिकेचा पडताळा-अंक काढून वेगळा नोंदवावा. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर संचिका डिस्कवरून परत वाचून तो अंक ताडून पाहावा, आणि दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर ठेवल्याखेरीज मूळ मुद्रण पुसू नये.