‘दो बीघा जमीन’ आज का पाहावा?

अभिजात ठरलेल्या कलाकृतींच्या वाट्याला एक चमत्कारिक सन्मान येतो. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, त्यांच्याविषयी आदराने बोलले जाते, सामान्यज्ञानाच्या प्रश्नपत्रिकांतही त्या डोकावतात. परंतु त्या प्रत्यक्ष पाहण्याचे वा वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ या १९५३ सालच्या चित्रपटाची गत काहीशी अशीच झाली आहे. पहिल्याच फिल्मफेअर पारितोषिकांत उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट दिग्दर्शन हे दोन्ही मान त्याला मिळाले. १९५४ च्या कान महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय पारितोषिक लाभले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची नव्याने सिद्ध केलेली स्वच्छ प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखविण्यात आली. चित्रपटाचा असा जीर्णोद्धार झाला, हे उत्तमच झाले. परंतु जीर्णोद्धार झालेल्या देवळात हात जोडून बाहेर पडता येते. चित्रपटापुढे हात जोडून भागत नाही. त्यासाठी दोन तासांहून अधिक वेळ द्यावा लागतो. आजच्या विद्यार्थ्याने अथवा नोकरदाराने तो का द्यावा, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आदराच्या भाषेत नव्हे, तर हिशेबाच्या भाषेत द्यावयास हवे.

कथा सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते. म्हणूनच ती थोडक्यात सांगणे इष्ट ठरेल. दुष्काळानंतर पाऊस येतो आणि खेडे हरखून जाते, तेथे चित्रपटाचा आरंभ होतो. गावचा जमीनदार शहरातील धनिकांशी संधान बांधून गावात गिरणी उभारण्याच्या खटपटीत आहे. योजलेल्या जागेच्या मधोमध शंभूची दोन बिघे जमीन येते. शंभू ती विकण्यास नकार देतो, तेव्हा जमीनदार जुन्या देण्याचा तगादा लावतो. शंभूच्या समजुतीप्रमाणे देणे ६५ रुपयांचे. घरातील चीजवस्तू विकून तो ती रक्कम उभी करतो, तो जमीनदाराच्या चोपडीत २३५ रुपये निघतात. न्यायालय कागद ग्राह्य धरते आणि तीन महिन्यांची मुदत देते. शंभू कलकत्त्यास जाऊन हाताने ओढावयाची रिक्षा ओढू लागतो. चोरून त्याच्यामागे आलेला मुलगा कन्हैया रस्त्यावर बुटांना पॉलिश करतो. पैसे पुरे पडत नाहीत. जमीन लिलावात जाते.

या चित्रपटावर आज दोन आक्षेप घेता येतील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप कलेविषयीचा. कथानक पुढे रेटण्यासाठी योगायोगाचा आधार फार घेतला गेला आहे. पतीच्या शोधात शहरात आलेली पार्वती वाहनाखाली सापडते आणि तिला नेण्यासाठी बोलावलेली रिक्षा नेमकी शंभूचीच असावी, हे एवढ्या मोठ्या महानगरात पटत नाही. १९५२ साली भारतात भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्हज्’ दाखविला गेला होता आणि बिमल रॉय यांच्यावर त्याचा प्रभाव पडला होता. त्या संयमी इटालियन चित्रपटाशेजारी ठेवला असता ‘दो बीघा जमीन’चा उत्तरार्ध अधिकच भडक वाटतो. हा दोष झाकण्यात अर्थ नाही. अभिजात कलाकृती निर्दोष असते, असा दंडक कोणी घातलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जमीनदारी गेली, कुळकायदे आले, बँका खेड्यापर्यंत पोहोचल्या. मग जमीनदाराच्या जुलमाची ही कथा इतिहासाच्या कपाटात का ठेवू नये? या आक्षेपाचे उत्तर चित्रपटातच आहे. मात्र त्यासाठी चित्रपटाकडे जुलमाची कथा म्हणून पाहण्याऐवजी व्यवहाराची कथा म्हणून पाहावे लागेल.

मुदतीचे गणित

शंभूची आर्थिक स्थिती नीट तपासून पाहावी. तो दिवाळखोर नव्हे. त्याच्या जमिनीचे मोल त्याच्या देण्याहून निश्चितच अधिक असले पाहिजे. एरवी ती मिळविण्यासाठी जमीनदाराने एवढा आटापिटा केलाच नसता. शंभूजवळ मालमत्ता आहे; नाही तो वेळ. शेतीचे उत्पन्न हंगामाला येते आणि न्यायालयाची मुदत नव्वद दिवसांत संपते. २३५ रुपये नव्वद दिवसांत उभे करावयाचे, तर खाणेपिणे आणि निवारा यांचा खर्च वजा जाऊन रोज अडीच रुपयांहून अधिक शिल्लक पडली पाहिजे. एकही दिवस आजारपणाचा, पावसाचा वा अपघाताचा जाता कामा नये. ज्याच्याजवळ केवळ अंगमेहनत आहे, त्याला असा अखंड नव्वद दिवसांचा भरवसा कोण देणार? शंभूच्या रिक्षाचे चाक निखळते आणि तो जखमी होतो, तेव्हा तो प्रसंग योगायोग वाटत नाही. ज्या हिशेबात एका दिवसाचीही सवड ठेवलेली नसते, तो कोठे तरी मोडावयाचाच.

हंगामाला उत्पन्न आणि तारखेला हप्ता, ही विसंगती जमीनदारीबरोबर नाहीशी झालेली नाही. पाऊस लांबला म्हणून हप्त्याची तारीख लांबत नाही. पगारदार माणसाला ही अडचण चटकन जाणवत नाही, कारण त्याचे उत्पन्न आणि त्याचे देणे दोन्ही महिन्याच्या मापाने मोजली जातात. शंभूचे तसे नाही, हे समजण्यासाठी हा चित्रपट पाहणे हा सर्वांत सोपा धडा आहे.

चोपडी कोणाच्या हाती?

दुसरी गोष्ट चोपडीची. ६५ चे २३५ होतात, ते शंभू निरक्षर आहे आणि हिशेब एकाच पक्षाच्या हाती आहे म्हणून. महाराष्ट्राला हे दुखणे नवे नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा संतप्त जमावाचा मुख्य रोख होता तो सावकारांच्या खतांवर आणि चोपड्यांवर. त्यानंतर १८७९ साली झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयास कागदाच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. चित्रपटातील न्यायालय नेमके तेच करीत नाही. कागद खरा की खोटा, येथवरही शंभूला पोहोचता येत नाही.

याच विषयावर बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला होता. सावकारापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार झालेल्या शेतकऱ्याची भूमिका त्यात व्ही. शांताराम यांनी केली होती. त्या मूकपटाची प्रत आज हाती नाही. त्याची थोरवी ऐकूनच मानावी लागते. ‘दो बीघा जमीन’ पाहता येतो, स्वतः तपासता येतो, एवढी एक गोष्टही तो पाहण्यास पुरेसे कारण ठरावी.

कायदे पुढेही होत राहिले. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमात सावकाराने बळकावलेली जमीन परत देववण्याची तरतूद आहे. मोबाइलवरून मिळणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्व आकार धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात, हे कर्जदारास आधी सांगणे त्यांनी बंधनकारक केले. असे नियम करावे लागतात, याचा अर्थ उघड आहे. चोपडीचे रूप पालटले, तरी घेणाऱ्यास न समजणारा हिशेब अद्याप शिल्लक आहे; आणि आता त्यात फसणारा माणूस निरक्षरच असेल, असेही नाही.

मधोमध आलेले दोन बिघे

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्यास सरळ उत्तर नाही. गिरणी वाईट आहे काय? चित्रपट आला, तेव्हा पहिली पंचवार्षिक योजना चालू होती आणि औद्योगिकीकरणाकडे देश आशेने पाहत होता. गिरणी उभी राहिली, तर अनेकांना काम मिळेल. मग मधोमध आलेल्या दोन बिघ्यांच्या मालकाने सर्वांची वाट अडवावी काय? अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. चित्रपट मात्र त्याला दुसरा प्रश्न जोडतो. प्रगतीचा लाभ अनेकांना होणार असेल, तर तिची संपूर्ण किंमत एकट्या शंभूने का मोजावी?

तोच प्रश्न पुढे सिंगूर येथे २००६ साली उभा राहिला. तेथील मोटार कारखान्यासाठी झालेले भूसंपादन सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द ठरविले. दरम्यान १८९४ चा जुना कायदा जाऊन २०१३ चा भूसंपादन कायदा आला. खासगी कंपनीसाठी जमीन संपादन करावयाची, तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती त्याने आवश्यक केली. ही सुधारणा मोठीच आहे. तरीही शंभू उरलेल्या २० टक्क्यांत असता, तर त्याच्या नकाराने काही अडले नसते. त्याला मोबदला मिळाला असता, जमीन राहिली नसती. शिवाय चित्रपटात त्याची जमीन संपादनाने जातच नाही, ती कर्जाच्या वाटेने जाते. संपादनाचा कायदा कितीही उदार केला, तरी त्या वाटेवर त्याचा पहारा नसतो.

धावणारी पावले

हे सर्व एखाद्या पाठ्यपुस्तकातूनही शिकता येईल, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण पाठ्यपुस्तकात शंभूची पावले दिसत नाहीत. गिऱ्हाईक अधिक वेगाने धावण्यासाठी अधिक पैशांचे आमिष दाखवीत जाते आणि शंभू ऊर फुटेस्तोवर धावतो, तो प्रसंग पाहिलेला माणूस ‘मजुरीचा दर’ हा शब्द पुन्हा पूर्वीच्या निर्विकारपणे उच्चारू शकणार नाही. शंभूला कोणी चाबूक मारीत नाही. त्याचा स्वतःचा होकार आहे, आणि तरीही ती सक्तीच आहे.

बलराज साहनी हे उच्चशिक्षित, लंडनला बीबीसीत काम केलेले गृहस्थ. ते खेडूत म्हणून शोभतील काय, अशी शंका होतीच. त्यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर रिक्षा ओढून पाहिली. तेव्हा भेटलेल्या बिहारच्या एका रिक्षावाल्याची हकिकत त्यांनी आत्मचरित्रात नोंदविली आहे. त्याचीही दोन बिघे जमीन जमीनदाराकडे गहाण होती आणि ती सोडविण्यासाठी तो पंधरा वर्षे रिक्षा ओढीत होता. शंभूला मिळालेली मुदत तीन महिन्यांची होती. या गृहस्थाला पंधरा वर्षे मिळाली, तरी जमीन सुटली नव्हती.

माणसाने माणसास ओढण्याची ही प्रथा केवळ जुन्या कलकत्त्यापुरती होती, असेही समजू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरान येथील हाताने ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश महाराष्ट्र शासनास दिला. चित्रपट प्रदर्शित होऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

तेव्हा ‘दो बीघा जमीन’ पाहावा. पण तो थोर आहे म्हणून नव्हे. त्यातील योगायोगांना हसू आले, तर मोकळेपणी हसावे; उत्तरार्धाचा कंटाळा आला, तर तसे बोलून दाखवावे. मात्र वही जवळ ठेवून ६५, २३५ आणि तीन महिने हे तीन आकडे एकदा मांडून पाहावेत, आणि शंभूच्या जागी असता तर यातून कोणती वाट काढता आली असती, हे स्वतःशी ठरवावे. शेवटी शंभू, पार्वती आणि कन्हैया गावी परततात, तेव्हा शेताच्या जागी गिरणीचे बांधकाम चालू असते. कुंपणाशी वाकून शंभू मूठभर माती उचलतो. पहारेकरी हटकतो आणि ती मातीही त्याला टाकावी लागते. पहारेकरी दुष्ट नसतो. तो आपली नोकरी करीत असतो.